जायचं माटीगल्लीनं

पौषाचं धुकं असं दाट पडलं होतं की शकूला फाटक दिसायच्या आधी फाटकावरचं कुलूप हाताला लागलं. थंडगार, नवं कोरं, मुठीएवढं. पलीकडून मंडीत माल नेणारा लोडरवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. अलीकडे तिची मटरीनं भरलेली हातगाडी उभी होती, हातगाडीमागे तोडणीच्या बाया, बायांमागे बोरीतून, म्हणजे पोत्यातून, पडलेल्या शेंगा खात चाललेल्या दोन बकऱ्या. सगळी वरात गल्लीत अडकलेली.

फाटकाशेजारच्या ओट्यावर गुणवंत ढोमणे शेकोटीला पाय लावून बसला होता. कानापर्यंत माकडटोपी, अंगावर कांबळ. शकूचा हा चुलत दीर. ओट्यावरल्या बाजेवर असा बसला होता जणू वर्षानुवर्षं त्यानं दुसरं काही केलंच नाही, आणि ते बरंचसं खरंही होतं.

"भाऊजी, हे काय?"

"कुलूप होय, वहिनी."

"ते मले दिसून राहिलं. लावलं काहून?"

"फाटक आमचं हाय. आमच्या पणज्यानं बसवलं. फाटकाले कुलूप नाही लावाचं तं काय शेवंतीचा गजरा लावाचा?"

मागच्या बाया फिसकन हसल्या. शकू हसली नाही.

"आन् माझी मटर?"

"माणसं दिंडीतून खुशाल जा, खुशाल या." गुणवंतानं फाटकातल्या लहान दाराकडे हनुवटी केली. "माल नाही जाणार. मी बसलो हाय इथं."

"परवापर्यंत तं जात होता."

"परवापर्यंत तुमचं मन बदलन म्हणून वाट पाहून राहिलो होतो. कॉलनीवाला भला माणूस हाय, वहिनी. त्याले तुमचे दोन एकर पायजे. तुम्ही हो म्हणा, मी आपल्या हातानं कुलूप काढून नदीत फेकतो."

"नाही म्हटलं तं?"

"तं मग मटर खा," गुणवंत अगदी प्रेमानं म्हणाला. "तब्येतीले चांगली असते."

वहिनी म्हणायचं आणि गळा धरायचा, ही ढोमण्यांच्या घरची जुनीच तालीम. शकू पस्तीस वर्षं त्या घराण्याची सून होती. तिला त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते एवढंच की हे आपल्याला आधी सुचलं कसं नाही. फाटक डोळ्यांसमोर उभं होतं, आणि फाटक म्हटलं की कुलूप आलंच.

शकूचं अडकणं कळायचं तर कोसमखेडा आधी नीट पाहून घ्यावं लागतं. जबलपूरहून पाटणच्या रस्त्यानं निघालं की शहर संपतं संपतं म्हणता संपतच नाही. मग एका वळणावर कॉलनीची पिवळी भिंत लागते, आणि त्या भिंतीच्या काखेत हे गाव आहे. ढोमण्यांचा मूळ पुरुष नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत इकडे आला नि इकडचाच झाला. पुढे इंग्रज आले. त्यांच्या बंदोबस्ताच्या साहेबानं गुणवंताच्या पणज्याला मालगुजार केलं, म्हणजे साऱ्या गावाकडून सारा गोळा करून सरकारात भरायचा, नि भरता भरता आपलंही भरायचं.

पणज्यानं गाव वसवलं ते गाईच्या दावणीसारखं. मध्ये एकच सरळ गल्ली. तिच्या पूर्वेच्या तोंडाला सागवानी फाटक, फाटकाला लागून मालगुजाराची बाखर, म्हणजे त्याचा चौसोपी राहता वाडा. कोण आलं, कोण गेलं, कोणाची गाडी भरून आली, कोणाची रिकामी, सगळं ओट्यावरून दिसावं. फाटकाबाहेर कडुलिंबाखाली खेरमाई, गावाची राखणदार. पश्चिमेला शेतं. तिथून बाहेर पडायला तेव्हाही वाट नव्हती, आणि आता तर कालवा आडवा गेलाय, पूल नाही. उत्तरेला कॉलनीची भिंत. राहिली दक्षिण. दक्षिणेला माटीगल्ली.

माटीगल्लीचीही गोष्ट आहे. गावात एकदा हैजा, म्हणजे कॉलरा आला, घराघरांतून माणसं निघाली ती आडवीच. सगळ्या तिरड्या एका गल्लीतून, एका फाटकातून, खेरमाईच्या पुढून जायच्या. तेव्हा घोड्यावर बसून, नाकाला रुमाल लावून साहेब आला. त्यानं हुकूम दिला, प्रेतं मागच्या बाजूनं काढा, परत येणारांना पुढच्या फाटकातूनच आत घ्या, नि फाटकावर त्यांच्या पायांवर दवाईचं लाल पाणी टाका. मालगुजारानं दक्षिणेच्या घरांचे परसू तोडून नदीच्या घाटापर्यंत एक चिंचोळी वाट काढली. चार खांदेकरी कसेबसे मावतील एवढी. मयताला इकडे माती म्हणतात, म्हणून ती माटीगल्ली.

साहेब गेला, हैजा गेला, इंग्रजही गेला. हुकूम राहिला. दोन पिढ्यांत तो साहेबाचा न राहता देवाचा झाला. लाल दवाईची हळद झाली. हळदपाण्याला पायपाणी म्हणू लागले, आणि ते मालगुजाराच्या घरच्या सुनेनंच घालायचं असं ठरलं. माटीगल्लीनं कोणी रिकाम्या हातानं जायचं नाही. तिथून जे नेलं ते परत आणायचं नाही. जो त्या गल्लीनं गेला त्यानं त्याच गल्लीनं परतायचं नाही, फाटकातून यायचं. एकावर एक नियम चढत गेले, बोरीवर बोरी ठेवावी तसे.

त्या दिवशी बोऱ्या मात्र शकूच्या अंगणात परत आल्या. लोडरवाला शिव्या देत निघून गेला. मटरीचं असं असतं की तोडली ती तोडली. बोरीत दाबून ठेवली की आतून तापते, दुसऱ्या दिवशी पिवळी पडते, तिसऱ्या दिवशी तिला बकरीही हुंगून सोडते. शकूनं बोऱ्यांची तोंडं उघडून शेंगा ताडपत्रीच्या पालावर पसरल्या. वेलींवर अजून निम्मं शेत उभं होतं, दाणा भरलेलं, उद्या-परवा तोडावंच लागणारं.

तिनं मुलाला फोन लावला. स्वप्निल फॅक्टरीत नोकरीला होता नि जबलपूरच्या गढ्यात भाड्याच्या खोलीत राहायचा.

"आई, तू टेन्शन मत ले ना," स्वप्निल म्हणाला. मागे मशीनचा खडखडाट होता. "तहसीलमध्ये कंप्लेंट कर. मालगुजारी तर कबकी खतम झाली. गल्ली सरकारची आहे."

"आताच जाऊन आली मी. ते म्हणे अर्ज द्या, जागेचा मोका पाहाले माणूस येईन. तो माणूस येईपर्यंत मटरीचं बियाणं होते, बाबू."

"मग बेच दे ना यार. कितना करशील एकटी? इथे ये, गढ्याला. अच्छी खोली आहे. गीझर आहे."

"गीझरात मटर उगवते का रे?"

"आई..."

"ठेव. तुझी मशीन ओरडून राहिली."

पोराचं चुकत नव्हतं. त्याला मराठी समजायची सगळी, बोलायचा अर्धी, आणि शेताचं तर त्याला तेवढंही येत नव्हतं. त्याला कसं सांगावं? त्याचे वडील शशिकांत पण फॅक्टरीतच होते. पाळी संपली की सायकलवरून थेट बांधावर येत, डबा तिथंच उघडत. बाखरीत शकू कोणाची तरी सून होती, वहिनी होती, जाऊ होती. वेगळं घर झाल्यावर कोणाची बायको, मग आई, मग तीन वर्षांपूर्वी विधवा. शेतात ती कोणाची कोणी नव्हती. बांधावर उभं राहून नुसतं खोकलं तरी तो तिचा स्वतःचा खोकला होता. दोन एकरांचा मोबदला मिळाला असता. त्या खोकल्याचा कोण देणार?

दुपारी उन्हात पालाशेजारी सुकरती येऊन बसली. तोडणीच्या बायांची ती म्होरकी, घाटाजवळच्या गोंडटोल्यातली, गोंडांच्या वस्तीतली. गाव वसवताना पणज्यानं टोला माटीगल्लीच्या शेवटाला टाकला होता, गावाबाहेर आणि मसणाशेजारी. एका दगडात दोन्ही कामं.

"अब का करहौ, बाई?" सुकरतीनं एक शेंग सोलून दाणे तोंडात टाकले.

"काय करू? डोक्यावर घेऊन कालव्यात उडी मारू?"

"पीछे की गली से काए नईं निकारतीं? घाट पे तो अब सीमेंट को रोड है."

ते खरं होतं. जिवंत माणसांच्या गल्लीत गुडघाभर खड्डे होते, आणि मेलेल्यांसाठी सरकारनं घाटापर्यंत सिमेंटचा रस्ता बांधला होता, वर पत्र्याचं छत नि बसायला बाक.

"बोरी कोण उचलन?" शकू म्हणाली. "गावातल्या बाया त्या गल्लीत पाय नाही ठेवत. आन् तिथून नेलेलं धान्य कोण खाईन?"

"हम खा लैहैं," सुकरती सरळ म्हणाली. "हम तो रोजई ओई गली से घर जात हैं. लकड़ी को गट्ठा मूड़ पे धरो और चल दए. हमाओ भूत कछू नईं बिगारत. बो भी जानत है, इनके पास का धरो है."

शकूला हसू आलं. मग हसता हसता ती थांबली.

"आन् सकाळी? सकाळी गावात कोणत्या वाटेनं येता तुम्ही?"

"फाटक से. उतै से आबे को हुकम नईं है न. घूम के आत हैं, पूरो चक्कर."

"दिंडीतून?"

"हमाए लाने तो दिंडी है, बाई. बड़ो फाटक तो तुमाए लोगन के लाने खुलत है. जब कोऊ मरत है."

शकूच्या हातातली शेंग हातातच राहिली.

तिला शशिकांतचा दिवस आठवला. बायका घाटावर जात नाहीत, म्हणून ती दारातच बसली होती. तिरडी माटीगल्लीत वळली. नंतर कितीतरी वेळानं पूर्वेकडून माणसं परतली होती, ओल्या धोतरांनी, ओल्या प्यांटींनी. तेव्हा गुणवंतानं फाटकाचे दोन्ही पल्ले सताड उघडले होते. कारण मातीवरून आलेला माणूस दिंडीतून वाकून आत येत नाही. वाकला तर पाठीवर मरण बसून येतं म्हणतात. नर्मदा, गुणवंताची बायको, डोक्यावर पदर घेऊन कळशी घेऊन उभी होती. सगळ्यांच्या पायांवर पाणी घातलं, मग एकटी चालत खेरमाईपर्यंत गेली, उरलेलं पाणी लिंबाला ओतलं. आणि मग फाटक तसंच उघडं राहिलं. दिवसभर. खेरमाईला दिवा लागेपर्यंत पल्ला लोटायचा नसतो. मागून कोणी राहिलं असेल तर ते बाहेर अडकायला नको.

"सुकरती," शकू म्हणाली, "एक गठोडं बांध."

"काए को?"

"मटरीचं. आपल्याले झेपन एवढं. रिकाम्या हातानं त्या गल्लीत जायचं नसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात शकू माटीगल्लीत शिरली. डोक्यावर गठोडं, मागे सुकरती. दोन्ही बाजूंना तोडलेल्या परसूंच्या जुन्या भिंती, त्यांवर हिरवं शेवाळ, पायाखाली ओलसर पाला. वाट इतकी अरुंद की कोपर भिंतीला घासत होतं. दारादारांच्या मागच्या खिडक्यांतून डोळे दिसले. एका म्हातारीनं खिडकी धाडकन लावली, मग जरा फट करून पुन्हा पाहिलं. पस्तीस वर्षांत या वाटेनं तिचं काय काय गेलं होतं, सासू, सासरा, दोन महिन्यांची एक मुलगी, शशिकांत. ती स्वतः पहिल्यांदाच जात होती, आणि पायानं.

"रोओ तो रो लेओ," सुकरती मागून म्हणाली. "इतै कोऊ नईं देखत."

शकूनं तेवढ्यात रडूनही घेतलं. डोक्यावर ओझं असलं की डोळे पुसता येत नाहीत, एवढीच अडचण.

घाटावर तिनं गठोडं खाली ठेवलं. नेलेलं परत आणायचं नाही, म्हणून ते टोल्यातच राहिलं. टोल्यातली पोरं जमली, चुलीवर मटर उकळायला बसली. सुकरती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भगवान करे, फाटक रोजई बंद मिलै."

मग दोघींनी नदीत पाय बुडवले, पूर्ण फेरा घालून पूर्वेकडून फाटकापुढे येऊन उभ्या राहिल्या. ऊन वर आलं होतं. दिंडी उघडी होती. शकू दिंडीपुढे थांबली, आत गेली नाही.

"या ना, वहिनी," आतून गुणवंत म्हणाला. "माणसाले कोणी रोकलं?"

"माटीगल्लीनं गेली होती मी. वाकून कशी येऊ?"

गुणवंताचा चहाचा कप हवेतच थांबला. "कोण मेलं?"

"कोणी नाही."

"मग माटीगल्लीत काहून गेली?"

"तुम्हीच तं म्हटलं, माल फाटकातून नाही जाणार. दुसरी गल्ली तुमच्या पणज्यानं एकच ठेवली."

"हे नाटक हाय!" गुणवंत उठला. "मटर घेऊन गेली ते का माती होते का? हे काही मोजत नाही!"

गल्लीत माणसं जमली. कोणी म्हणालं मोजतं, कोणी म्हणालं नाही. एक म्हातारा म्हणाला की त्याच्या आज्यानं एकदा मेलेलं वासरू त्या वाटेनं नेलं होतं, तेव्हाही पायपाणी झालं होतं. यावर वासरू मोठं की मटर असा वाद सुरू झाला. शकू उन्हात उभीच. पाय दुखत होते. तिला वाटलं, आता दिंडीतून वाकावं, घरी जावं, गढ्याची खोली पाहावी. गीझर असेलच.

तेवढ्यात बाखरीच्या दारात नर्मदा आली. डोक्यावर पदर, काखेत कळशी.

"चावी द्या," ती नवऱ्याला म्हणाली.

"तू मधात पडू नको."

"गल्लीनं गेली ना? मग गेली. काय घेऊन गेली ते मरण थोडी पायते!" नर्मदेचा आवाज थरथरत होता, पण थांबत नव्हता. "मेघनाले, आपल्या सुनेले, सातवा महिना लागला. गल्लीनं गेलेलं माणूस फाटकाबाहेर उभं ठेवलं, आन् ते मरण उंबऱ्यावर बसलं, तं कोणाच्या घरात शिरन? फाटक आपलं हाय म्हणता ना? मग उंबराही आपलाच हाय."

गुणवंतानं सुनेच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. मग ओट्याकडे, मग जमलेल्या गावाकडे. मालगुजारी जाऊन पाऊणशे वर्षं झाली होती, तरी मालगुजाराच्या घरचा मान तेवढा एक पायपाण्याचाच उरला होता. त्यानं नाही म्हटलं असतं तर तो मानही गेला असता. त्यानं बंडीच्या खिशातून चावी काढली नि कोणाकडे न पाहता बाजेवर टाकली.

पल्ले करकरत उघडले. नर्मदेनं हळदपाणी घातलं, आधी शकूच्या पायांवर. मग ती क्षणभर थबकली. सुकरतीच्या पायांवर त्या फाटकात आजवर कोणी पाणी घातलं नव्हतं. सुकरतीनं पाय मागे घेतले नाहीत. नर्मदेनं तिच्याही पायांवर पाणी घातलं, मग खेरमाईपर्यंत चालत गेली. फारच सावकाश गेली. लिंबाला पाणी ओतून उन्हात जरा उभी राहिली, आणि परत फिरताना शकूच्या कानाशी येऊन म्हणाली,

"जाऊबाई, उद्याही येसान ना?"

"काहून वं?"

"मी मागच्या वेळी फाटकाबाहेर आली होती ती तुमच्या घरच्या भाऊजींच्या मातीले. तीन वर्सं झाली."

शकूनं तिच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं ती नर्मदेला बाखरीची मालकीण समजत होती.

मग घाई झाली. दिवा लागेपर्यंत फाटक बंद व्हायचं नव्हतं. लोडरवाल्याला फोन गेला, तो शिव्या देतच आला. पालावरची मटर निवडून पुन्हा भरली, ताजी तोडणीही झाली, आणि बोऱ्या गल्लीतून, गुणवंताच्या डोळ्यांसमोरून, फाटकाबाहेर गेल्या. गुणवंतानं माकडटोपी डोळ्यांपर्यंत ओढली. मंडीत कोणी विचारलं नाही, ही मटर कोणाच्या मरणानं आली. भाव मात्र विचारला, आणि पाडूनच विचारला.

संध्याकाळी खेरमाईला दिवा लागला. फाटकाला कुलूप लागलं. सकाळी शकूनं पुन्हा गठोडं उचललं.

असं रोज चाललं. रोज एक गठोडं माटीगल्लीनं टोल्यात, रोज फेरा, रोज पायपाणी, रोज दिवसभर फाटक उघडं. गावाला त्याची सवय झाली. कोणाला ट्रॅक्टर काढायचा असला तर तो विचारायचा, "शकूकाकू गेल्या का?" गुणवंत ओट्यावर बसून धुमसायचा. कॉलनीवाला दोनदा येऊन गेला, दोनदा त्याचे बूट नर्मदेच्या हळदपाण्यात भिजले. एकदा न राहवून गुणवंतानं विचारलंच,

"रोज कोण मरून राहिलं, वहिनी, तुमच्या घरी?"

"मीच," शकू म्हणाली. "पण तुम्ही घाबरू नका. जेवायच्या टाईमले परत येते."

मग मटर संपली. वेली पिवळ्या पडल्या, शेवटची बोरी गेली. शकू त्या सकाळी उशिरा उठली. नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुढच्या पेऱ्याला वेळ होता, तहसीलातून कोणी आलं नव्हतं, कुलूप तसंच होतं. तिनं चहा टाकला. आज कुठं जायचं नव्हतं, म्हणजे आज फाटकही कोणासाठी उघडायचं नव्हतं.

चहाचा कप घेऊन ती दारात आली. धुकं विरत होतं. गल्लीच्या टोकाला, बंद फाटकाच्या आतल्या बाजूला, नर्मदा उभी होती. डोक्यावर पदर, काखेत कळशी. ती फाटकाकडे पाहत नव्हती. इकडे, गल्लीकडे पाहत होती.

शकूनं कप उंबऱ्यावर ठेवला. शेतात गेली, सुकलेल्या वेलींचा एक भारा बांधला, डोक्यावर घेतला, आणि माटीगल्लीत वळली.